अवरेकाईच्या वासाचा चहा

चहा हुंगायची आमच्या घरची एक रीत होती. चिमूटभर नव्हे, चांगली मूठभर पत्ती घ्यायची, मूठ मिटायची, अंगठ्याजवळच्या फटीतून आत तोंडाची गरम वाफ सोडायची आणि लगेच तिथे नाक लावायचं. पत्ती ताजी असेल तर त्या उबेने वास भसकन वर येतो. शिळी असेल तर आपल्याच तोंडाचा वास येतो. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला हे बाराव्या वर्षी शिकवलं. कानडी मुलखात, चामराजपेटेत आमचं चहापत्तीचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागेच घर.

नव्वदीच्या सुरुवातीला अण्णांच्या नाकाचं ऑपरेशन झालं. श्वास मोकळा झाला, पण वास गेला तो गेलाच. चहाच्या व्यापाऱ्याला वास येत नाही हे बाजारात कळलं असतं तर मळ्यांच्या एजंटांनी सगळा कचरा आमच्याच गळ्यात मारला असता. म्हणून ही गोष्ट आम्ही दोघांतच ठेवली. आई तोवर गेली होती. धाकट्या भावालासुद्धा सांगितलं नाही, कारण त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही.

एजंट नमुने घेऊन आला की मी आत पाणी ठेवायची, पत्ती हुंगायची, पांढऱ्या कपांत चहा गाळायची आणि बाहेर आणायची. ताजा असेल तर कप अण्णांच्या उजव्या हाताला ठेवायचा, शिळा असेल तर डाव्या. मग अण्णा कप उचलत, सुर्रकन मोठा घोट घेत, डोळे मिटत, कपाळाला आठ्या घालत आणि निकाल देत. एजंट माना डोलवायचे. अण्णांचं नाक म्हणजे नाक, म्हणायचे. मी दाराआड उभी राहून हसू दाबायची.

माझं लग्न जमलं नाही. नात्यातल्या बायका हळहळायच्या, मला तितकं वाईट वाटत नव्हतं. अण्णांचं नाक व्हायचं काम मला कुठल्या सासरी मिळणार होतं?

मग भावाचं लग्न झालं. मुलगी पुण्याची, बोम्मसंद्र्याच्या बाजूला एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करणारी. सकाळी कंपनीच्या बसने जायची, संध्याकाळी दमून यायची आणि तरी पदर खोचून, म्हणजे तिच्याबाबतीत ओढणी बांधून, कामाला लागायची. आमच्या घरात मोठ्या बहिणीला काय म्हणतात ते भावाला विचारून दुसऱ्या दिवसापासून मला अक्का म्हणू लागली. तिच्यात वाईट म्हणावं असं काही सापडत नव्हतं, आणि माझी मुख्य तक्रार तीच होती.

ती अण्णांना प्रश्न विचारायची. नीलगिरीचा चहा असा का, आसामचा तसा का. मला हुंगायला शिकवल्यापासूनच्या बावीस वर्षांत तीन शब्दांच्या वर उत्तर न देणारे अण्णा तिला अर्धा अर्धा तास समजावत बसायचे. एकदा तिने पत्ती आणि डस्ट, म्हणजे चहाची भुकटी, ओळखून दाखवली, तर अण्णा म्हणाले, "शाबास." पत्ती आणि डस्ट आमचा दूधवालासुद्धा ओळखेल. मला कधी शाबास म्हटल्याचं आठवत नाही. नव्याचे नऊ दिवस, असं म्हणत मी दिवस मोजू लागले. नऊचे नव्वद झाले.

अशात तिने जपानी चहा मागवला. तिच्या ऑफिसातलं कुणीतरी तिकडून जाऊन आलं होतं, त्याने पाजलेला हिरवा चहा तिला आवडला. मग ऑफिसच्या कॉम्प्युटरवर इंटरनेटवरून तिने थेट जपानातल्या एका दुकानातून पाकीट मागवलं. त्या काळी हे ऐकूनच माणसं तोंडाचा आ करायची.

"हुंगला कोणी?" अण्णांनी विचारलं.

"कोणीच नाही, अण्णा. साइटवर फोटो होता."

"फोटोला वास असतो काय?"

आता चिडतील, आता दोन शब्द सुनावतील, म्हणून मी स्वयंपाकघरातून कान टवकारले. अण्णा हसत होते. पुढे रोज दुपारी पोस्टमनला थांबवून विचारायचे, परदेशचं काही आलं का म्हणून.

ताजा हिरवा चहा कसा ओळखावा याची माहितीही तिने छापून आणली. दोन पानं इंग्रजी. पत्तीचा रंग गर्द आणि चकचकीत हवा, पिवळट नको. वास ओल्या हिरवाईचा हवा. पाणी उकळतं घालू नये, निववून घालावं. अण्णांनी चष्मा लावून ती पानं वाचली, अडलं तिथे तिला विचारलं आणि दुकानातल्या कॅलेंडरशेजारी टाचणीने लावून टाकली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या नाकाने सहा वर्षं जे केलं त्याचा एक चिटोराही कधी त्या भिंतीवर लागला नव्हता.

पाकीट आलं ते डिसेंबरातल्या एका शनिवारी, तिला सुट्टी असताना. चंदेरी पाकीट, त्यावर जपानी अक्षरं आणि तीन आकडे. त्यांतलं वर्ष कुठलं, महिना कुठला, ती बांधल्याची तारीख की संपायची, कुणालाच लागेना.

"तारीख कशी वाचायची म्हणून मी परवाच ऑफिसातून मेल टाकलाय त्यांना," ती म्हणाली, "पण रिप्लाय नाही आलेला अजून."

"ते आकडे राहू दे," अण्णा म्हणाले. "आपली रीत आहे की." आणि माझ्याकडे बघितलं. क्षणभर मला फार बरं वाटलं. मग त्यांनी शेजारचं स्टूल पुढे ओढलं आणि तिला म्हणाले, "तू इथं बस बाळ. कसं कळतं ते बघ." ते स्टूल माझं होतं. एजंट नसताना मी तिथेच बसायची.

मी आत जाऊन पाकीट कापलं. पत्ती सुईसारखी बारीक, गर्द हिरवी. मूठ मिटली, वाफ सोडली, नाक लावलं. आणि अवरेकाईचा वास आला. थंडीत आमच्या दारावर या पावट्याच्या शेंगा येतात, त्यांतली पहिली शेंग नखाने उकलली की जो येतो तो ओला, हिरवा, किंचित तेलकट वास. हा चहा मी जन्मात पाहिला नव्हता, पण इतकी ताजी पत्ती माझ्या मुठीत कधी आली नव्हती हे मला त्या क्षणी कळलं.

मी पाणी निववलं. पानावर लिहिलं होतं तितकाच वेळ पत्ती ठेवली. चहाशी मी काही बेइमानी केली नाही. कप घेऊन दाराशी आले, तर अण्णा तिला तरुणपणी नीलगिरीच्या मळ्यात पाऊस लागून तीन दिवस अडकल्याची गोष्ट सांगत होते. ती गोष्ट त्यांनी फक्त मला सांगितली होती, असं मी समजत होते. ती हसत होती, आणि अण्णांनी हसत हसत तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मी पुढे झाले आणि कप डावीकडे ठेवला.

अण्णांनी कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी भिंतीवरच्या पानांकडे बघत राहिले. त्यांनी कप उचलला, सुर्रकन घोट घेतला, डोळे मिटले. "शिळा आहे, बाळ," ते म्हणाले. "वाळक्या गवतासारखा झालाय." बिचाऱ्यांनी वाळकं गवत स्वतःच्या मनाने घातलं.

तिचा चेहरा उतरला. "मला तर कप आला तेव्हा वास छान वाटला होता."

"कळेल हळूहळू. सवय लागते त्याला."

संध्याकाळी तिने ते अख्खं पाकीट मागच्या अंगणात कढीलिंबाच्या मुळाशी ओतलं. भिंतीवरची पानंही तिनेच काढली. मी त्या दिवशी दोन घास जास्त जेवले, हे आज लिहिताना लाज वाटते, पण जेवले.

मग सगळं पूर्वीसारखं झालं. ती प्रश्न कमी विचारू लागली. स्टूल मला परत मिळालं. माझा जीव इतका थंडावला की मी तिच्याशी गोडसुद्धा वागू लागले.

जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही तिघं दुकानाच्या पायरीवर अवरेकाई सोलत बसलो होतो. ऊन छान होतं. अण्णा शेंगा निवडून देत होते, ती नखं दुखतात म्हणत होती आणि मी तिला सोलायची युक्ती शिकवत होते. एक शेंग उकलून मी तिच्या नाकाशी धरली आणि म्हणाले, "वास बघ गं, अगदी तुझ्या त्या जपानी चहासारखा."

बोलून गेले आणि मग ऐकलं.

तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. अण्णांच्या हातातली शेंग हातातच राहिली. त्यांनी अगदी हळू विचारलं, "शिळ्या चहाला अवरेकाईचा वास कुठून आला गं?"

"तसाच म्हणजे... स्वल्प तसा," मी म्हणाले आणि पातेलं आणायला आत गेले. पातेलं बाहेरच होतं.

अण्णा रागावले नाहीत. दोन दिवस माझ्याशी नेहमीसारखं बोलले, पण बोलताना माझ्याकडे बघितलं नाही. रागावले असते तर मी भांडले असते, रडले असते.

मंगळवारी सकाळी एजंटने आदल्या दिवशी ठेवलेला नमुना मी करून आणला. ताजा होता. मी कप उजवीकडे ठेवला. अण्णांनी तो उचलला नाही. तिची बस यायला वेळ होता. त्यांनी तिला हाक मारली.

"मला वास येत नाही, बाळ," ते म्हणाले. दूधवाला आज उशिरा येणार आहे, अशा आवाजात. "सहा वर्षं झाली. हुंगते ही. मी नुसता बोलतो."

माझं आणि अण्णांचं एवढंच एक होतं. ते त्यांनी माझ्यासमोर तिला देऊन टाकलं.

मग त्यांनी पत्ती मुठीत घेतली, वाफ सोडली आणि मूठ तिच्यापुढे धरली. "ही म्हणते ताजा आहे. तू बघ."

ती माझ्याकडे बघत वाकली. मी तिच्या नाकाकडे बघत होते. नाकपुड्या हलल्या नाहीत, छाती वर झाली नाही. तिने श्वास घेतलाच नाही. तशीच सरळ झाली आणि म्हणाली, "अक्का म्हणतात तसंच आहे, अण्णा. ताजा आहे."

"सरी, ठीक आहे," अण्णा म्हणाले आणि पत्ती डब्यात परत टाकली.

त्यानंतर प्रत्येक नमुना दोघींनी हुंगायचा, अशी आमच्याकडे रीत पडली. दर वेळी मी आधी सांगायची, दर वेळी ती वाकायची, आणि दर वेळी श्वास न घेता माझंच म्हणणं पुन्हा सांगायची. माझी जागा तिने मला अशी परत दिली, आणि तिचा इतका राग मला त्याआधी कधीच आला नव्हता.