दोन सूर आणि एक बुप्

आमच्या घरात एकच गाणं चालतं, आणि त्यात गाण्यासारखं काहीही नाही.

दोन सूर, मधे एक टाळी, मग 'बुप्!', आणि सर्दी झालेल्या यंत्रासारखी एक बाई कुठल्याशा परक्या भाषेत चार शब्द म्हणते. संपलं! शाळेत असताना मी ते दिवसभर लावायचे. अण्णा (माझे वडील) ओरडायचे, "अगं, तो मिक्सर बंद कर!"

पुढे दादाला मुलगी झाली, चिऊ, आणि गाण्याचे दिवस पालटले. चिऊनं भोंगा लावला की आमच्या भिंगारचा अख्खा बाजार वळून बघायचा. 'बुप्' ऐकलं की गप्प!

अशात मला बघायला सुप्याहून पाहुणे आले. मुलगा नितीन, तिथेच कारखान्यात इंजिनिअर, आणि सोबत त्याची आई. (आधीची दोन स्थळं 'कळवतो' म्हणून गेली होती. ती अजून कळवतायत.) मी साडी सावरत पोहे घेऊन बाहेर आले आणि आत चिऊनं भोंगा लावला.

"गाणं लाव गं!" आई आत डोकावून वहिनीला कुजबुजली.

"ताईंचा फोन मेलाय, माझाही, आणि लाईट नाही!" वहिनी म्हणाली. (ताई म्हणजे मी.)

"मग दादाचा?"

"ते फोन घेऊनच जिलेबी आणायला गेलेत!"

आई-अण्णांचे फोन बटणांचे. वहिनीनं सरळ चिऊला आणून माझ्या मांडीवर ठेवलं. "आत्याचा फार लळा आहे हो तिला!" चिऊ बेंबीच्या देठापासून किंचाळत होती. नितीनच्या आईचा चमचा हवेतच थांबला. हेही स्थळ गेलं, असं समजून मी डोळे मिटले आणि सुरू केलं, "टिंग टुंग, टिंग टुंग... बुप्!"

चिऊ थबकली. मी थांबले की पुन्हा भोंगा! मग आई टाळ्या वाजवू लागली. अण्णा टीपॉयवर ठेका धरू लागले (होय, अण्णा!). पण ती सर्दीवाली बाई कुठून आणायची? तेवढ्यात सोफ्यावरून आवाज आला. नितीन! नाक दाबून, डोळे मिटून, चारही शब्द बिनचूक!

चिऊ खिदळली.

नितीनची आई आळीपाळीनं आम्हा दोघांकडे बघत राहिली. "आगं बया, तुलाबी येतं व्हय हे? मला वाटलं, माजंच पोरगं येडं हाय!" आणि पोहे खाता खाता तिची मान डुलायला लागली.

संध्याकाळी सुप्याहून फोन आला. घरातले सगळे कान टवकारून बसलेले. मी लाजत "हॅलो" म्हटलं.

"पसंत आहे," नितीन म्हणाला. "पण आई मघापासून गुणगुणतेय आणि अडलीय. टाळीनंतर 'बुप्' एकदा की दोनदा?"

आणि मराठीत एम.ए. केलेल्या मी, होणाऱ्या नवऱ्याशी पहिल्याच गोड बोलण्यात, सगळ्या घरादेखत उत्तर दिलं, "बुप्!"