वाकडा दस्ता

झूल गावात बंदुका घडवणारे ढिगाने होते, पण ड्यूकसाहेबांची बंदूक घडवावी ती वाल्टिन हेबश्ट्राइटनेच. चाळीस वर्षं हेच चाललं होतं. त्या साली मात्र ड्यूकसाहेबांचे नेम एकामागून एक चुकले. "म्हाताऱ्याचा हात गेला," म्हणत दरबाऱ्यांनी बंदूक परत धाडली.

वाल्टिनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी बंदुकीच्या नव्या लाकडी दस्त्याचं माप घ्यायला तो राजवाड्यावर गेला. तिथे उजवीकडचा पेला उचलायला ड्यूकसाहेबांनी अख्खी मान वळवली, आणि वाल्टिनला कळलं. त्यांचा उजवा डोळा गेला होता, आणि त्यांनी ते कुणाला कळू दिलं नव्हतं.

त्याने अक्रोडाचा दस्ता असा वाकडा तासला, की बंदूक उजव्या खांद्यालाच लावून डाव्या डोळ्याने नेम धरता यावा.

बायको उर्सेल कडाडली, "अहो, हे काय ध्यान केलंय? यावर आपल्या नावाचा ठसा मारणार? गाव हसेल!"

"हसू दे की. दात दिसतील त्यांचेच."

शिकारीला दरबारी पोट धरून हसले. ड्यूकसाहेबांनी बंदूक खांद्याला लावली, क्षणभर थबकले, आणि पहिल्याच गोळीत हरीण आडवं झालं.

तरी एकाने टोचलंच, "मेस्त्री, दस्ता वाकडा कसा हो?"

वाल्टिनने टोपी काढली. "वय झालं, साहेब. हात चुकला."

ड्यूकसाहेब त्याच्याकडे वळले. मग म्हणाले, "मेस्त्री, यापुढे माझ्या प्रत्येक बंदुकीला तुमचा हात असाच चुकू द्या."