समतोलाचा सत्कार

मार्च महिन्यात आष्टीच्या एका मंगल कार्यालयात माझा सत्कार झाला. कशाबद्दल, तर संसार आणि नोकरी यांचा समतोल साधल्याबद्दल. शाल, नारळ, काचेचं मानचिन्ह आणि टाळ्या. त्या टाळ्यांचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. लोक म्हणतात, चांगलं झालं ते गोड मानून घ्यावं. मला नाही घेता येत.

मी आरोग्य उपकेंद्रात नर्स आहे. माझ्याकडे पाच गावं आहेत. सकाळी साडेआठला स्कूटी काढायची. लसीकरण, गरोदर बायांची तपासणी, म्हाताऱ्यांचं बीपी, आणि मग तेच सगळं एकदा रजिस्टरात आणि पुन्हा एकदा मोबाइलमध्ये भरायचं. दिवाळीच्या तोंडावर ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबांच्या मागं पळायचं, कारण ट्रॅक्टर एकदा गावाबाहेर पडला की त्या लेकरांचा डोस चैत्रापर्यंत हुकलाच. घरी यायला सात वाजतात.

आणि घरी काय होतं? घरी आक्का होती. आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. माझं लग्न व्हायच्या आधी ती नऊ हंगाम ऊसतोडीला गेलेली. मला नोकरी लागली, मुलगा झाला, आणि त्याच वर्षी सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला. तेव्हा घरातल्या पुरुषांनी ओसरीवर बसून ठरवलं की थोरले दीर ट्रॅक्टरवर ड्रायव्हर म्हणून जातील आणि आक्का घरी राहील. आक्काला कुणी विचारलं नाही. आक्काला मूल नव्हतं. "तिला काय, मोकळीच हाय ती," असं माझ्या नवऱ्याची आत्या माझ्यासमोर म्हणाली होती, आणि मी गप्प बसले होते. मला ते सोयीचं होतं, हे आता लपवून काय उपयोग.

ही मोकळी बाई सहा वर्षं पहाटे उठली. म्हशीची धार काढली, माझ्या मुलाला न्हाऊमाखू घालून शाळेत सोडलं, माझा डबा भरला. सासऱ्यांना उठवणं, पुसणं, अंथरूण बदलणं, सगळं तिनंच केलं. दोन धडधाकट मुलगे असलेल्या माणसाला सून न्हाऊ घालत होती. थोरला तर हंगामाला कारखान्यावर असायचा, पण धाकटा, म्हणजे माझा नवरा, घरीच होता. आष्टीत खत-बियाण्यांच्या दुकानात तो कामाला. सकाळी दहाला जायचा. सकाळी दहापर्यंत तो काय करायचा, हे मी सहा वर्षांत त्याला एकदाही विचारलं नव्हतं.

फेब्रुवारीच्या शेवटी वरून साहेबांचा फोन आला. "सिस्टर, अभिनंदन! महिला दिनाला तुमचं नाव दिलंय. पाच मिनिटं बोलायचं. घर आणि नोकरी, समतोल कसा साधता, तेवढं सांगा फक्त."

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, झालाच. संध्याकाळी आक्का चुलीपुढं भाकरी थापत होती. मी वही घेऊन शेजारी बसले आणि म्हटलं, "आक्का, मी समतोल कसा साधते हो?"

"म्हंजी काय आसतंय?"

"म्हंजे घर बी बघायचं आन नोकरी बी करायची."

आक्कानं भाकरी तव्यावर टाकली, कडेनं पाणी फिरवलं आणि माझ्याकडं बघून हसली. "घर तू कवा बघतीस?"

टोमणा नव्हता तो. तिला खरंच प्रश्न पडला होता. पण मला इतका राग आला की मी वही मिटून उठले. दिवसभर उन्हात पाच गावं फिरून आलेल्या बाईला असं विचारायचं? दुसऱ्या दिवशी स्कूटीवर जाताना मात्र त्या प्रश्नाचं उत्तर शोधत राहिले, आणि पाचही गावं झाली तरी मला ते सापडलं नाही.

आठवली ती जानेवारीतली गोष्ट. आक्काची आई तिकडं माहेरी, घाटनांदूरला पडली, खुब्याचं हाड मोडलं. आक्का म्हणाली, "आठ दिस जाऊन येऊ का?" माझी लसीकरणाची मोहीम चालू होती. मी रजा मागितली, ती मिळाली नाही. मग आक्का सकाळच्या गाडीनं जिल्ह्याच्या या टोकावरून त्या टोकाला गेली, एक दिवस राहिली आणि तिसऱ्या दिवशी परत येऊन सासऱ्यांचं अंथरूण धुवायला बसली. "कशी हाय आई?" मी विचारलं. "पडून हाय," ती म्हणाली. पुढं मी काही विचारलं नाही. मला उशीर होत होता.

कार्यक्रमाच्या दिवशी बाहेरून आणलेल्या एका पाहुण्यांनी आम्हाला तासभर शिकवलं. चोवीस तास सगळ्यांना सारखेच मिळतात, म्हणाले. आठ तास काम, आठ तास कुटुंब, आठ तास स्वतःसाठी. पहाटे पाचला उठा, डोळे मिटून शांत बसा, दिवसाची यादी करा, चेहरा हसरा ठेवा. इस्त्रीचा पांढरा शर्ट होता अंगावर. तो शर्ट कुणी धुतला असेल, एवढंच माझ्या मनात येत होतं. शेजारी बसलेल्या, आमच्या उपकेंद्रातल्या आशाताई पुटपुटल्या, "पाचला उठा म्हणतोय बाबा. आमी चारला उठतो, त्याचं काय करावं?"

मग माझं नाव पुकारलं. मी माईकपुढं गेले. लिहून आणलेला कागद हातात होता, पण वाचवेना.

मी म्हणाले, "मी समतोल साधत नाही. माझ्या घरी माझी थोरली जाऊ आहे. सहा वर्षं झाली, ती माहेरी दोन रात्रींच्या वर राहिलेली नाही. तिची आई अंथरुणाला खिळलीय. सत्कार करायचा तर तिचा करा. पण ती इथं येऊच शकत नाही, कारण मी इथं आलेय. आणि माझा नवरा..."

सूत्रसंचालन करणाऱ्या बाई लगबगीनं जवळ आल्या. "सिस्टर, थोडक्यात. आणि जरा सकारात्मक बोला ना." मग त्यांनी माईक स्वतःकडं ओढला आणि म्हणाल्या, "पाहा, किती मोठं मन! जावाजावांचं असं प्रेम आजच्या काळात कुठं बघायला मिळतं? जोरदार टाळ्या!"

आणि टाळ्या पडल्या. मी तक्रार केली होती, हो! एका बाईवर अन्याय होतोय आणि त्यात माझा हात आहे, हे मी चारशे माणसांसमोर सांगत होते, आणि त्यांनी त्याचं कौतुक करून टाकलं. मी खाली येऊन बसले. फोटो मात्र छान आला. दुसऱ्या दिवशी तो पेपरात आला, आणि त्याखाली छापलं होतं, 'हसरा चेहरा'.

घरी आल्यावर मी शाल आक्काच्या खांद्यावर टाकली. तिनं ती काढून, नीट घडी करून माझ्याच हातात दिली.

"मला शाल नगं. मला घाटनांदूरला जाऊ दे."

"जा. किती दिवस?"

"आई हिंडाय लागस्तोवर."

मी हो म्हणाले. रजेचा अर्ज घेऊन गेले तर साहेब हसून म्हणाले, "परवाच तर समतोलाचा सत्कार झाला, सिस्टर, आणि लगेच रजा?" मी म्हणाले, "साहेब, तो समतोल घाटनांदूरला चाललाय." त्यांना कळलं नाही, पण माझं तोंड बघून त्यांनी चार दिवस मंजूर केले. चारच.

पाचव्या दिवशी सकाळी मी नवऱ्याला म्हणाले, "आजपासून मामांना तुमी उठवायचं. पुसायचं, कपडे बदलायचे."

"मला जमतं व्हय ते?"

"आक्काला कुठं जमत होतं? तिला कुणी शिकवलं?"

"आगं पन बायामान्सांची कामं..."

"वडील कुणाचे आहेत? माझे आहेत का?" मी ओरडले. मुलगा दारात येऊन उभा राहिला. सासऱ्यांना आतून सगळं ऐकू येत होतं, याची लाज वाटली, पण मी थांबले नाही. सहा वर्षांचं सगळं त्या एका सकाळी बाहेर आलं. मग मी स्कूटी काढली आणि गेले. मागं वळून बघायची हिंमत नव्हती.

संध्याकाळी कळलं की त्यानं केलं. पहिल्या दिवशी त्याला उमासे आले. तिसऱ्या दिवशी मी दाराआडून पाहिलं. तो बापाच्या पाठीखाली हात घालून कूस वळवत होता, घामाघूम झालेला. सासऱ्यांची जीभ जड झालेली, शब्द नीट फुटत नाहीत. तरी ते म्हणाले, "हळू रं." नवऱ्याला हसू आलं. सासरेही अर्ध्या तोंडानं हसले. त्या दोघांना एकत्र हसताना मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं. मी मात्र हसले नाही. सहा वर्षं हे का झालं नाही, हेच डोक्यात घुमत होतं.

आक्का पंधरा दिवसांनीही आली नाही. माझी रजिस्टरं मागं पडली, मला लेखी खुलासा द्यावा लागला. एकदा दूध नासलं, एकदा मुलगा बिनडब्याचा शाळेत गेला. आणि मला आक्काचाच राग यायला लागला. मी फोन केला. "आक्का, कवा येताय?"

"यीन की. कावून, घर पडलं का?"

घर पडलं नव्हतं. मी फोन ठेवला. व्यासपीठावर जिची कड घेऊन बोलले, तिला पंधराव्या दिवशी हाक मारून परत बोलावणारी मीच होते.

ती सव्वीस दिवसांनी आली. आई काठी धरून अंगणापर्यंत चालत होती. आक्काचा चेहरा भरल्यासारखा दिसत होता. पिशवी खाली ठेवायच्या आधी तिनं सांगून टाकलं, "म्हैना दोन म्हैन्याला मी आठ दिस जानार हाय. कुनाला पुसनार न्हाई." थोरले दीर तोवर कारखान्यावरून आले होते. ते म्हणाले, "लई शानी झालीस." आक्का म्हणाली, "झाले."

त्याला आता वर्ष होत आलं. मला कुणी विचारलं की समतोल शक्य आहे का, तर मी म्हणते, एकट्या बाईला नाही. जिथं तो दिसतो, तिथं मागं कुणीतरी वाकलेलं असतं, आणि ते कोण आहे हे कुणाला बघायचं नसतं.

गेल्या आठवड्यात मुलाला ताप होता. आक्का घाटनांदूरला, माझं लसीकरण ठरलेलं. नवरा दुकानातून अर्ध्या दिवसात घरी आला. मालक म्हणाला होता, "बायको कुठं गेली?" यानं सांगितलं, "ड्युटीवर." त्यावर दुकानात हशा झाला, असं त्यानंच मला सांगितलं, मान खाली घालून. मला ते ऐकून इतकी चीड आली की त्या मालकाला जाऊन भेटावं वाटलं. नवरा म्हणाला, "जाऊ दे. आधी जेव."

मुलाचा ताप उतरला होता. मोरीत सकाळची भांडी तशीच पडली होती. "ही का नाही घासली?" मी विचारलं. "पोरगं मांडीवरून उतरतच नव्हतं," तो म्हणाला. मग आम्ही दोघं बसलो आणि घासली, तो राख लावत, मी विसळत, आणि दोघंही भांडत.