मजेतमामा

माझ्या मामांना कुणीही, कधीही "कसं काय?" विचारलं तरी उत्तर एकच यायचं, "मजेत." त्यामुळे वाशीमच्या स्टँडवर त्यांचं नाव मजेतमामा पडलं होतं. ते एसटीत कंडक्टर होते आणि त्यांच्या आतड्याला कित्येक वर्षं सूज होती.

मंगरूळपीरच्या रस्त्यावर ते मध्येच घंटी मारत. "गाडीले जरा दम खाऊ द्या," असं प्रवाशांना सांगून पाण्याचा डबा घेत आणि बाभळींमागे जात. परत आले की कुणीतरी विचारी, "कसं काय, मामा?"

"मजेत. तुमी तिकीट काढलं का?"

रक्त पडतं, हे मामींनासुद्धा खाकी पँट धुताना कळलं.

मामी त्यांना नागपूरला घेऊन आल्या. मी तिथे शिकत होते. डॉक्टरांचं इंग्रजी कळावं म्हणून मला बोलावलं. डॉक्टरांनी खालून दुर्बिणीची नळी घातली आणि आतड्याचा कणभर तुकडा तपासायला काढला. पोट दुखलं तर लगेच सांगायचं, असं बजावलं. ते मी मामांना नीट मराठीत सांगितलं. अडचण एवढीच होती की सांगायचं मामांनी होतं.

दुपारभर सिस्टर विचारत राहिल्या. "मजेत हाय, सिस्टर." संध्याकाळी मामींनी चहा आणला. "तूच पे," मामा म्हणाले. मामांनी चहाला नाही म्हटलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. ते गुडघे वर घेऊन पडले होते आणि बोलताना पोट हलू देत नव्हते.

चार लोकांत मला पाणी मागायलाही जड जातं. तरी मी डॉक्टरांकडे गेले आणि इंग्रजीत म्हटलं, माझे मामा खोटं बोलत आहेत. मराठीत हे वाक्य माझ्या तोंडून निघालं नसतं.

पोट फळीसारखं कडक झालं होतं. तुकडा काढला तिथेच आतड्याला भोक पडलं होतं. लगेच ऑपरेशन झालं आणि मामा वाचले, पण शौचासाठी पोटावर पिशवी लावावी लागली. ती पाहून मामी रडायला लागल्या.

"कंडक्टरले पिशवी काय नवी हाय व?" मामा म्हणाले.

मी विचारलं, "कसं काय, मामा?"

त्यांनी सवयीने तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटलं. मग म्हणाले, "दुखून राह्यलं, पोरी."

स्टँडवर ते पुढेही मजेतच राहिले. मी विचारलं की मात्र मामी कुठे आहेत ते आधी बघत, आणि मग हळू आवाजात खरं सांगत.