ब्लाउज नको, बाई पाठव

मापाचा ब्लाउज दिला की आपा तो उघडूनसुद्धा पाहत नसे. थैलीसकट परत ढकलायची आणि म्हणायची, "ब्लाउज नको, बाई पाठव."

आमच्या सोनाळा गावात हा छळच होता म्हणा ना. दर वेळी माप द्यायला उठून जातं कोण? नीट बसणारा एक जुना ब्लाउज काढायचा, नव्या कापडात गुंडाळायचा आणि घरातल्या पोरीच्या हाती धाडून द्यायचा, ही आपली रीत. शाळेत असताना मी असे कितीतरी ब्लाउज आपाकडे पोचवले आणि तिने ते मुकाट्याने ठेवूनही घेतले. हा नवा नियम तिच्या आजारपणानंतरचा.

बाजारगल्लीच्या तोंडाशी एका खोलीत आपाचं शिलाईचं दुकान. तिचं खरं नाव फार थोड्यांना ठाऊक होतं. लहानथोर, हिंदू-मुसलमान सगळे तिला आपाच म्हणत. गळ्यात कायम टेप. लग्नाच्या पंगतीतही तो उतरायचा नाही. कोणी हसलं तर म्हणायची, "तुमचं मंगळसूत्र, माझा टेप." तोंडात टाचण्या धरून ती तासभर गप्पा मारू शके आणि त्यातली एकही कधी पडली नाही. वेळेवर कपडा देणं मात्र तिला जन्मात जमलं नाही. ईदला कबूल केलेला ड्रेस दिवाळीला मिळायचा. भांडायला गेलं की ती चहा पाजायची आणि आपण कशासाठी आलो होतो तेच विसरून घरी यायचो.

माप घेताना तिचा एकच हुकूम असे: "पोट अंदर घेऊ नका." टेप कमरेला लागला की कोणतीही बाई नकळत श्वास ओढून पोट आत घेते. मीही घ्यायचे, खोटं कशाला बोलू. मग आपा टेप तसाच धरून शांतपणे उभी राहायची आणि म्हणायची, "घ्या, घ्या. मले घाई नाई." शेवटी श्वास संपून आपलं पोट बाहेर आलं की आकडा वाचून वहीत लिहायची. प्रत्येक बाईचं एक पान होतं त्या वहीत. दर वेळचं माप आधीच्या मापाखाली.

सगळ्या गावाचं माप तिच्याकडे, पण स्वतःचं तिने कधी घेतलं नव्हतं. स्वतःचे कपडे ती अंदाजाने बेतायची. त्यामुळे तिचं पोट वाढायला लागलं तेव्हा ते तिच्याच लक्षात आलं नाही. दोन घास खाल्ले की पोट गच्च होई. लघवीला सारखं उठावं लागे. ओटीपोटात दुखे. तिने ओवा खाल्ला, गॅसच्या गोळ्या खाल्ल्या. "परकराचा नाडा पुरेना," ती सांगायची, "तं मी नाडा बदलला. पोट नाई पाह्यलं." शिवाय तिची गर्भपिशवी दहा वर्षांपूर्वीच काढलेली. पिशवीच नाही तर आता बायकांचं कोणतं दुखणं होणार, अशी तिची खात्री. अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा तिला कळलं की पिशवी काढली तरी अंडाशय आतच होते आणि कॅन्सर तिथे झाला होता.

मोठं ऑपरेशन झालं, केमो झाली. वर्षभराने आपा दुकानात परतली ती डोक्यावर पांढरे, दाट, नवे केस घेऊन. त्यानंतर तिने मापाच्या ब्लाउजला हात लावला नाही. आपल्याकडे बायका असल्या दुखण्याचं नाव तोंडाला पदर लावून घेतात. आपा गिऱ्हाइकाच्या कमरेला टेप गुंडाळून ते मोठ्याने सांगायची आणि टेपमध्ये अडकलेली बाई पळून कुठे जाणार? कितीजणींना तिने डॉक्टरकडे पाठवलं असेल! बहुतेकींना काहीच निघालं नाही. एकजण तर दुकानात येऊन तिला चांगलंच ऐकवून गेली, की फुकटचा घोर लावलास. आपा म्हणाली, "काही निघालं नाई ना? मग पेढे आण." चार गिऱ्हाइकं कायमची तुटली. तिला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

माझी आई या सगळ्यावर नाक मुरडायची. "मी काय नवरी आहो का माप द्यायला?" असं म्हणून तिने दोन वर्षं नवा ब्लाउजच शिवला नाही, जुन्यांवर भागवलं. मग दादाचं लग्न ठरलं आणि वरमायला नवा ब्लाउज लागणारच होता. मी अकोल्याला नोकरी करत होते, लग्नाच्या खरेदीसाठी घरी आले, तर आई अर्धी भाकरी खाऊन ताट सारत होती. सून येण्याच्या आनंदाने पोट भरलं हिचं, असं आम्ही सगळे चिडवत होतो. मी तर तिच्या पोटावर चापट मारून म्हणाले होते की सासू शोभतेस आता. त्या चापटीची मला आजही लाज वाटते.

आईने माझ्याच हाती जुना ब्लाउज दिला. आपाने तो परत केला. माझं डोकं फिरलं. लग्न वीस दिवसांवर, हजार कामं पडलेली आणि हिचे हे नखरे! दुसऱ्या टेलरकडे जाते म्हणाले. "जा," ती म्हणाली. "तो ब्लाउजचं माप घेईन. वैनीचं, तुह्या आईचं, कोण घेईन?"

दुसऱ्या दिवशी आई फणफणत गेली, मी मागोमाग. आपाने माप घेतलं, वही उघडली, पुन्हा माप घेतलं. मग तोंडातल्या टाचण्या एकेक काढून टाचण्यांच्या छोट्या गादीत खोचल्या. असं करताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. वहीतल्या जुन्या मापापेक्षा छाती दोन इंच उतरली होती आणि कंबर तीन इंच वाढली होती. आपाने विचारलं, फुगल्यासारखं किती दिवसांपासून वाटतं? लवकर पोट भरतं का? लघवीला सारखं जावं लागतं का? खाली दुखतं का? आई प्रत्येक वेळी नुसती होकाराची मान हलवत होती. शेवटी म्हणाली, लग्न होऊ दे, मग पाहू.

"मी डॉक्टर नाई, वैनी," आपा म्हणाली. "टेपनं बिमारी समजत नाई. डॉक्टरकडे जायचं हाय, एवढंच समजते. सोनोग्राफीचा कागद आणा, मंग ब्लाउज घेऊन जा. तोवर नाई देणार."

आई रडकुंडीला आली. भर बाजारात अपमान केला म्हणाली. मी मात्र त्या दोन आकड्यांकडे पाहत होते. तिसऱ्या दिवशी आईला ओढतच अकोल्याला नेलं. अंडाशयावर गाठ होती. डॉक्टरीणबाईंनी अगदी वेळेत आणलंत असं काही म्हटलं नाही, पण लग्न उरकून आला असतात तर फार अवघड झालं असतं, एवढं स्पष्ट सांगितलं.

गाठ कॅन्सरचीच निघाली. ऑपरेशनसाठी लग्न पुढे ढकललं. नातेवाइकांनी तोंडसुख घेतलं. मुलीकडची माणसं मात्र सोन्यासारखी निघाली. आधी विहीणबाई बऱ्या होऊ द्या म्हणाली. केमोच्या दिवसांत आई हाडाची काडी झाली, आरशात बघेना, कोणाशी बोलेना. एके दुपारी आपा आली. हातात लग्नाचा ब्लाउज, शिवून तयार. तिच्या हयातीत वेळेआधी झालेलं हे एकमेव काम! आईने तो अंगाला लावला आणि हुंदका दिला. आता तोही ढगळ होत होता. आपाने ब्लाउज उलटा करून आतली शिलाई दाखवली. "आता टाके घालून बसता करून देते. अन् अंदर दोन बोटं कपडा सोडलेला हाय. तुमी भरल्या की उसवू."

आठ महिन्यांनी दादाचं लग्न झालं. त्यानंतरच्या दिवाळीत आई स्वतः उठून दुकानात गेली आणि म्हणाली, आपा, उसव. त्या दिवशी आमच्या घरी पुरणपोळी झाली आणि पहिलं ताट बाजारगल्लीत गेलं.

आई आज ठणठणीत आहे, दर सहा महिन्यांनी तपासणीला जाते आणि परतताना स्टँडवर रस पिते. आपाचे डोळे मात्र थकले. सुईत दोरा जाईना, तेव्हा खामगावची तिची मुलगी तिला न्यायला आली. जाण्याआधी आपाने सगळ्या बायांना बोलावलं आणि वहीतली पानं सोडवून जिची तिला दिली. "आता तुमचं तुमी पाहा," म्हणाली. बाया आपापलं पान हातात धरून उभ्या होत्या. आईच्या पानावर त्या दोन आकड्यांखाली लाल रेघ होती. माझंही पान निघालं, परकर-पोलक्याच्या वयापासूनचं.

वही रिकामी झाली. आईने तिचे पुठ्ठे उलटसुलट करून पाहिले आणि विचारलं, "आपा, तुहं पान कुठी हाय?"

आपा हसली. माझं कोण घेईन, म्हणाली.

आईने तिच्या गळ्यातला टेप काढून घेतला. तिला हाताला धरून उभं केलं आणि मला माझ्या पानाची कोरी बाजू वर करून लिहायला बसवलं. टेप कमरेभोवती आला आणि एवढ्या वर्षांत सगळ्या गावाला ओरडणाऱ्या आमच्या आपाने श्वास ओढून पोट आत घेतलं.

"पोट अंदर घेऊ नको," आई म्हणाली. "दर वर्षी खामगावले येईन मी माप घ्यायले. मले घाई नाई."