मधुकररावांच्या स्पीकरवरचा डाग

मधुकररावांच्या निधनाची वार्ता मला विजयरावांच्या तोंडून ऐकावी लागली, ही या प्रकरणातील शेवटची अवहेलना होय. सकाळची वेळ होती आणि कचेरीबाहेर, माझ्या नेहमीच्या झाडाखाली, मी टेबल मांडीत होतो. फोन वाजला. “अहो अर्जवाले, तुमचे दोस्त गेले. अमरधामला या. आणि येताना चार ओळींचं काहीतरी लिहून आणा, तुमचा धंदाच आहे तो.” विजयराव म्हणजे मधुकररावांचे साडू. कॉलेज रोडला त्यांचे होम थिएटरचे दुकान आहे, आणि आवाज या विषयातील शेवटचा शब्द आपलाच, अशी त्यांची पक्की समजूत आहे. त्या दिवशी मी चार ओळी लिहिल्या नाहीत. आज लिहीत आहे, आणि त्या चारच असणार नाहीत.

मधुकरराव मनमाडला रेल्वेच्या तिकीट खिडकीवर होते. निवृत्तीनंतर नाशकात घर घेतले तेव्हा नळजोडणीचा अर्ज लिहून घ्यायला ते माझ्या टेबलाशी आले. मजकूर त्यांनी मोठ्याने वाचला, थांबले आणि म्हणाले, “वकीलसाहेब, तुमच्या अर्जाला ताल आहे हो.” मी नववीपर्यंत शिकलो आहे. माझ्या अर्जांवर आजवर बड्या बड्या अधिकाऱ्यांच्या सह्या झाल्या, पण त्यांतला ताल कोणाला दिसला नव्हता. पुढे ते मला अखेरपर्यंत वकीलसाहेबच म्हणत राहिले. हे संबोधन थट्टेचे की आदराचे, याची चौकशी मी केली नाही. त्याच आठवड्यात त्यांनी मला घरी नेले आणि वडिलांचा अ‍ॅम्प्लिफायर दाखवला. वडील मनमाडला लग्नकार्यात लाउडस्पीकर लावीत. त्यांच्यामागे उरलेली ही एकच वस्तू. आत काचेचे व्हॉल्व्ह, चालू केले की हळूहळू निरांजनासारखे उजळणारे. “हा म्हाताऱ्या गवयासारखा आहे,” मधुकरराव म्हणाले. “ताकद थोडी, गळा गोड. याच्यापुढे पैलवान बसवून उपयोग नाही. हलक्या इशाऱ्यावर डोलणारा स्पीकर पाहिजे.”

असा स्पीकर शोधण्यात आमची काही वर्षे अत्यंत आनंदात गेली, हे मी येथे अभिमानाने नमूद करतो. दुकानोदुकानी आम्ही जात असू. मधुकररावांच्या पिशवीत ठुमरीची एकच जुनी तबकडी असायची. मुखडा उचलण्याआधी ती गायिका किंचित श्वास घेते. तो श्वास ऐकू आला तर स्पीकर पास, नाहीतर नापास, अशी त्यांची परीक्षा. स्पीकरसमोर ते तळहात धरून उभे राहात आणि डोळे मिटत. एका दुकानातला विक्रेता उत्साहाने म्हणाला, “काका, याचा बेस बघा, छाती हादरेल!” मधुकरराव शांतपणे म्हणाले, “माझ्या छातीत आधीच स्टेंट आहे. तिला हादरवायला मी पैसे कशाला देऊ?” सातपूरला एका कारागिराकडून पेट्या बनवून घेतल्या, त्या घुमल्या. बारीक, उंच, काळे स्पीकर लावून पाहिले. त्यांना व्हॉल्व्हची ताकद पुरेना, गाणे तोंडातल्या तोंडात पुटपुटल्यासारखे येई. प्रत्येक वेळी विजयराव हसत. “मधुकरराव, बैलगाडीला रेडियल टायर शोधताय तुम्ही!”

शेवटी स्पीकर सापडले ते दिंडोरीकडे, रामनाथ या द्राक्षबागाइतदाराच्या शेडमध्ये. शेतरस्त्याच्या अर्जासाठी तो माझ्याकडे यायचा. त्याच्या वडिलांचा एके काळी तंबूतला सिनेमा होता, हे बोलता बोलता कळले, आणि पुढच्याच रविवारी मी मधुकररावांना घेऊन तिथे पोचलो. औषधाच्या पंपांमागे कमरेएवढ्या उंचीच्या दोन लाकडी पेट्या उभ्या होत्या. एकीची मागची फळी निघालेली, आणि आत कोंबडी. “लय जुनं हाय ते, सायेब,” रामनाथ संकोचून म्हणाला. “काय कामाचं नाय. कोंबडी अंडी घालती त्यात.” मधुकररावांनी खाली बसून पुढच्या जाळीआड बोट घातले, आतल्या कागदी शंकूवर हलकेच टिचकी मारली आणि मान एका बाजूला कलती केली. “कागद अजून जिवंत आहे,” ते म्हणाले. मग रामनाथकडे वळून, “कोंबडीला विचारून बघा, दुसरं घर चालेल का.” रामनाथ पैसे घेईना. रस्त्याचा अर्ज मंजूर झाला तर पेट्या तुमच्या, असे ठरले. तो अर्ज मी असा लिहिला, की तसा पुन्हा माझ्या हातून उतरणे नाही. रस्ता झाला. पेट्या आल्या. पहिल्या संध्याकाळी तबकडी लागली, व्हॉल्व्ह उजळले आणि त्या बाईंनी आमच्या समोर बसून श्वास घेतला… सुमनवहिनी स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या. “कोण आलंय?” असे त्यांनी खरोखरच विचारले.

मधुकररावांनी माझा हात धरून त्या शंकूसमोर नेला. वाऱ्याची अगदी लहान झुळूक माझ्या तळहाताला लागली. “कागदावर भरवसा ठेवणारे आपण दोघेच उरलो, वकीलसाहेब,” ते म्हणाले.

आता मूळ तक्रारीकडे येतो. गेल्या वर्षी मधुकररावांची बायपास झाली. वहिनी रुग्णालयात होत्या. तुळशीला पाणी घालण्यासाठी घराची किल्ली त्यांनी बहिणीच्या घरी, म्हणजे विजयरावांकडे दिली. मधुकरराव घरी परतले तेव्हा पेट्या नव्हत्या. त्यांच्या जागी दोन सडपातळ, काळे, चकचकीत खांब उभे होते आणि त्यांना लाल रिबिनी बांधल्या होत्या. विजयराव टाळ्या वाजवत म्हणाले, “सरप्राइज! ती खोकी दिली फेकून. खोली कशी मोकळी झाली बघा.” मी तिथे हजर होतो. मधुकररावांनी भिंतीचा आधार घेत तबकडी लावली, खांबासमोर हात धरला. बाई गायल्या, पण काचेपलीकडून. हात तसाच राहिला… मग त्यांनी तो खाली घेतला आणि म्हणाले, “छान आहेत.” त्यानंतर त्या घरात तबकडी लागली नाही.

मी पोलीस ठाण्यापासून ग्राहक मंचापर्यंत सर्व मसुदे मनात तयार केले होते. ते त्यांनी ऐकून घेतले आणि हसले. “नात्यात अर्ज चालत नाही, वकीलसाहेब. सुमनला एकच बहीण आहे.” विजयरावांमुळे ते गेले, असे मी म्हणणार नाही, तसा पुरावा नाही. परंतु त्यांचे शेवटचे महिने मुके गेले, आणि ते कोणामुळे, हे मी कोणत्याही व्यासपीठावर शपथेवर सांगेन.

दहाव्याच्या आदल्या दिवशी वहिनींनी मला मोबाइलवर एक छायाचित्र दाखवले. विजयरावांच्या गंगापूर धरणाकडील फार्महाउसचा व्हरांडा. दाराच्या दोन्ही अंगांना आमच्या पेट्या, आणि प्रत्येकीवर फुलझाडाची कुंडी. “फेकल्या म्हणाले होते ना, भाऊजी?” वहिनी म्हणाल्या. “त्या परत याव्यात असं फार वाटतं. पण मी कशी मागू? ताईला काय वाटेल?” मी मोबाइल त्यांना परत दिला. कोणती विनंती कोणापुढे आणि कधी सादर करायची, एवढे ज्ञान मला या व्यवसायाने दिले आहे.

रामकुंडावर पुतण्याने विधी केले, पिंड ठेवले आणि आम्ही सारे मागे सरकलो. कावळे पुष्कळ होते, एकही खाली येईना. वहिनींची काळजी घेऊ, असे पुतण्याने सांगितले. कावळा नाही. वर्षश्राद्ध नीट करू, असे कोणी म्हणाले. कावळा नाही. ऊन चढले. गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला, तेव्हा मी पुढे झालो. “थांबा, गुरुजी. मृताची इच्छा मला ठाऊक आहे, आणि ती पुरी करणारे गृहस्थ इथेच उभे आहेत.” सगळ्यांच्या माना वळल्या. विजयराव दबक्या आवाजात म्हणाले, “अहो अर्जवाले, इथे काय तमाशा लावलाय?”

“तमाशा नव्हे, विनंती. पेट्या.”

“कुठल्या पेट्या?” असे ते म्हणतात न म्हणतात तोच त्यांच्याच पत्नी कळवळून म्हणाल्या, “अहो, बोला ना! व्हरांड्यातल्या! तो बघा, तिथे बसून इकडेच बघतोय तो!”

विजयरावांनी हात जोडले. “बरं बरं, आणून देतो.”

“काय, कोठून आणि कोणी, तेही सांगा,” मी म्हणालो. “मोघम विनंती मंजूर होत नसते.”

“मधुकरराव,” विजयराव पिंडाकडे बघत, घाम पुसत म्हणाले, “तुमचे स्पीकर मी माझ्या फार्महाउसवरून, स्वतः, तुमच्या घरी आणून देतो.” कावळा उतरला. त्यावर मी भाष्य करणार नाही. नात्यात अर्ज चालत नाही, हे मधुकररावांचे म्हणणे खरेच होते. त्यांनी फक्त दहाव्याचा अपवाद सांगायचा बाकी ठेवला होता.

वहिनी तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि पेट्या लिफ्टमध्ये मावत नाहीत. टेम्पोवाल्याबरोबर दुसरे टोक विजयरावांनी धरले. माझी पाठ त्या दिवशी दुखत होती, असे मी सांगितले. प्रत्येक वळणावर ते थांबत, धापा टाकीत, आणि मी वरून दिशा दाखवीत होतो: “सांभाळून, कागद आहे आत.” काळे खांब जाताना त्यांच्याच खांद्यावरून गेले.

आता दर गुरुवारी संध्याकाळी मी जातो. वहिनी अ‍ॅम्प्लिफायर लावतात आणि व्हॉल्व्ह उजळेपर्यंत आम्ही दोघेही त्यांच्याकडे बघत बसतो. दोन्ही पेट्यांच्या माथ्यावर कुंडीच्या पाण्याचे गोल, पांढरे डाग पडले आहेत. वहिनी म्हणाल्या, पॉलिश करून घेऊ. मी नको म्हणालो. पुरावा पुसायचा नसतो. दिवाळीला ताई आणि विजयराव फराळाला येणार आहेत. त्यांची खुर्ची कोठे मांडायची, ते मी ठरवले आहे; बसल्या जागेवरून दोन्ही डाग दिसतील. तबकडी लागेल. मधुकरराव उभे राहात तिथे मी उभा राहीन, शंकूसमोर तळहात धरीन, आणि बाईंनी श्वास घेतला की विजयरावांना म्हणेन, “या, तुम्हीही हात धरून बघा…”