थामने मोडलेला मुहूर्त

थामचं पोट लहान आहे, ही गोष्ट व्हिएतनाममधल्या सा देकच्या फुलमळ्यांत सगळ्यांत आधी बायकांच्या लक्षात आली. तेत, म्हणजे नव्या वर्षाचा सण, जवळ आलेला. मांडवांवर शेवंतीच्या कुंड्या खच्चून भरलेल्या, खाली गुडघाभर पाणी, आणि थाम आठव्या महिन्यातही होडीतून फिरत एकेका कुंडीला पाणी घालत होती. शेजारच्या होडीतली एक जण म्हणाली, "अगं, पोर आहे की जेवण जास्त झालंय?"

"तुझं जेवल्यावर जेवढं दिसतं, त्यापेक्षा कमीच आहे," थाम म्हणाली. बायका हसल्या. थामला मात्र त्या बाईचं वाक्य दिवसभर टोचत राहिलं.

ती तशी ऐकून घेणाऱ्यांतली नव्हतीच. माहेरी पंधराव्या वर्षी, दोघे भाऊ कंटाळा करून झोपले होते म्हणून, बापाची भोपळ्यांनी भरलेली होडी एकटीने नदीच्या बाजारात नेऊन रिकामी करून आली होती. लग्नात सासरच्यांनी निवडलेला लाल झगा घट्ट होतो म्हणून तिने स्वतःचा शिवून घातला. नवरा क्वेन शांत. घरात दोनच आवाज मोठे होते: थामचा आणि तिच्या सासूचा.

सासूला सगळा गाव साउमावशी म्हणायचा. सून गरोदर राहिली तेव्हा मावशींनी सगळ्यात आधी महिने मोजले. तिथे दर वर्ष एका प्राण्याचं, आणि कुणाचं कुणाशी जमतं ते त्यावरून ठरतं. बाळंतपण तेतनंतर, म्हणजे ड्रॅगनचं वर्ष लागल्यावर. क्वेन कोंबड्याच्या वर्षीचा. कोंबड्याला ड्रॅगन चांगला लाभतो. सरत्या वर्षाचं, मांजराचं पोर झालं असतं तर मात्र बापाचं आणि त्याचं उभं वैर. मावशी ज्योतिष्याकडे जाऊन तारीख आणि वेळ काढून आल्या. शहरातल्या एका खासगी दवाखान्यात त्या वेळेला सिझर करून द्यायचं कबूलही करून घेतलं.

"कळांची वाट कशाला बघायची? वेळ चांगली, पोरगं चांगलं, तुला त्रास नाही," त्या म्हणाल्या. थामने तेव्हा नुसतं ऐकून घेतलं. तारीख लांब होती.

मग सरकारी इस्पितळात तपासणीला गेली तेव्हा डॉक्टर वान यांनी पडद्यावर बाळाचं डोकं मोजलं, पोट मोजलं, मांडीचं हाड मोजलं. पुन्हा मोजलं. बाई तिसऱ्यांदा मोजायला लागल्या, तेव्हा थामने विचारलं, "किती लहान आहे?"

"बरंच. डोकं ठीक वाढतंय, पोट मागे पडलंय. वारेतून त्याला जेवढं पोचायला हवं तेवढं पोचत नाहीये."

"मी जास्त खाऊ?"

"खा, पण त्याने हे भरून निघणार नाही. दर तीन-चार दिवसांनी ये. बाळ किती हलतं ते लक्षात ठेव. हलणं कमी वाटलं तर माझी वाट बघू नकोस, सरळ निघून ये. आणि सदतीस आठवडे झाले की फार थांबायचं नाही. आत ठेवण्यापेक्षा बाहेर आणलेलं बरं."

सदतीस आठवडे म्हणजे तेतच्या आधी. म्हणजे मांजर.

थामने घरी हे सांगितलं आणि साउमावशी कामाला लागल्या. दुसऱ्या दिवसापासून थामपुढे नारळाचं पाणी, डुकराचं मटण, आणि आत पिल्लू धरलेली बदकाची उकडलेली अंडी यायला लागली. थामने चार दिवस खाल्लं. पाचव्या दिवशी अंडं परत ताटात ठेवलं.

"आई, हे माझ्याच अंगी लागतंय. बाळापर्यंत जात नाहीये."

"डॉक्टरला काय कळतं? मी तीन पोरं काढली. क्वेनसुद्धा एवढासा होता." मावशींनी तळहात दाखवला. "आणि थोडे दिवसच तर राहिलेत. इतकी शेवंती रात्री दिवे लावून आपण थांबवून ठेवतो, सणालाच फुलवतो. हे पोरगं थोडं थांबणार नाही?"

"शेवंती मेली तर कुंडी फेकून देता."

क्वेनने जेवता जेवता मान वर केली. मावशींचा चेहरा उतरला. भाताकडे बघतच त्या हळू आवाजात म्हणाल्या, "माझा थोरला मांजराच्या वर्षीचा होता. त्याचा बाप कोंबड्याचा. तीन वर्षांचा होता, आपल्याच मांडवाखाली पाण्यात गेला. तुला कुणी सांगितलं नसेल."

थामला कुणी सांगितलं नव्हतं. लग्नाला चार वर्षं झाली, देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर एक लहान वाटी रोज का ठेवतात हे तिने कधी विचारलं नव्हतं. तिने सासूच्या हातावर हात ठेवला, पण बोलायचं ते बोललीच.

"त्याला नदीने नेलं, आई. वर्षाने नाही."

मावशींनी हात काढून घेतला.

पुढच्या तपासणीला डॉक्टरबाईंनी नाळेतला रक्ताचा प्रवाह बघितला आणि खुर्ची थामजवळ ओढली. प्रवाह थांबलेला नव्हता, पण मागच्या वेळेपेक्षा फारच मंदावला होता. बाळाने या दिवसांत जवळजवळ वजन घेतलं नव्हतं. "आज दाखल हो. उद्या सुरुवात करू."

"कशी?"

"दोन वाटा आहेत. औषध देऊन कळा आणायच्या, पोटावर पट्टा लावून बाळाचे ठोके सारखे ऐकत राहायचं. बाळ लहान आहे, कळांनी दमू शकतं. दमलं तर लगेच ऑपरेशन. किंवा आधीच ऑपरेशन. मला विचारशील तर पहिली वाट करून बघण्यासारखी आहे. पण पोट तुझं आहे."

थामने पहिली वाट निवडली. क्वेनने बाहेर जाऊन आईला फोन केला, आणि मावशी भाचीच्या मोटरसायकलवर मागे बसून दुपारच्या आत इस्पितळात हजर.

वॉर्डात एकेका खाटेवर दोन-दोन बायका. सगळ्यांच्या देखत मावशी म्हणाल्या, "चल, उठ. त्या खासगी दवाखान्यातून गाडी पाठवतात. तिथे ठेवतील, सलाइन लावतील, आणि वेळेवर काढतील. क्वेन, तिची पिशवी घे."

क्वेनने पिशवी उचलली. त्याच्या हातात ती तशीच राहिली.

"ठेव ती खाली," थाम म्हणाली.

"पोरी, लोक बघताहेत."

"बघू देत. आई, तुम्हाला ड्रॅगन पाहिजे. मला जिवंत पोर पाहिजे. मांजर असो, डुक्कर असो, घूस असो."

शेजारच्या खाटेवरची बाई तोंडावर टॉवेल धरून हसली. मावशींनी तिच्याकडे असं बघितलं की ती कुशीवर वळली. नर्सने कागद आणला आणि सवयीने क्वेनपुढे धरला. थामने हात पुढे करून तो घेतला, मांडीवर ठेवला आणि सही केली. क्वेनने पिशवी खाटेखाली सरकवली. मावशी निघून गेल्या.

सकाळी औषध दिलं. दुपारपर्यंत कळा नियमित झाल्या. यंत्रातून बाळाचे ठोके टपटप ऐकू येत होते, आणि क्वेन त्या यंत्राकडे टक लावून बसला होता. कळ यायची तेव्हा ठोके मंदावायचे आणि पुन्हा सावरायचे. मग सावरायला वेळ लागायला लागला. थामला डाव्या कुशीवर वळवलं, औषध बंद केलं. एका कळेनंतर ठोके खाली गेले आणि खालीच राहिले.

डॉक्टर वान आत आल्या. त्यांनी तोंड उघडायच्या आधी थाम म्हणाली, "न्या मला."

"घाबरू नकोस—"

"घाबरले नाहीये. मी आईंशी भांडले, बाळाशी नाही. लवकर न्या."

मुलगी झाली. दोन किलोलाही जरा कमी. कातडी सुरकुतलेली, डोळे मोठे, हात-पाय काड्यांसारखे, आणि आवाज मात्र मांजरीच्या पिल्लासारखा बारीक पण न थांबणारा. श्वास तिचा तिने घेतला. नर्सने तिला थामच्या छातीवर उघडीच ठेवली, वरून पांघरूण घातलं. ऊब यायला लागल्यावर पोरगी गप्प झाली. डॉक्टरबाई म्हणाल्या, वार बघितली, बरीच निकामी झालेली होती, अजून आठवडाभरही थांबून चाललं नसतं. थामने ते क्वेनकडून दोनदा म्हणून घेतलं, आईला नीट सांगता यावं म्हणून.

तिसऱ्या दिवशी साउमावशी आल्या. हातात डब्यात डुकराच्या पायांचं आणि कच्च्या पपईचं सूप, दूध येण्यासाठी. त्यांनी ते चमच्याने सुनेला पाजलं. नातीकडे तिरकं बघितलं, मग सरळ बघितलं, मग टोपडं नीट केलं.

"झालं ते झालं," त्या म्हणाल्या. "आता एक करायचं. हिने क्वेनला बाप म्हणायचं नाही. काका म्हणायचं. म्हणजे वैर लागत नाही. सगळे असंच करतात."

थामला टाके दुखत होते. ती उठून बसायला लागली, तेवढ्यात क्वेन बोलला. आईसमोर नाही म्हणायची त्याची ती बहुधा पहिलीच वेळ.

"नाही आई. मी हिचा काका नाही."

मावशींनी रिकामा डबा उचलला आणि धुवायला निघून गेल्या.

तेतला शेवंती क्वेनने एकट्याने शहरात नेऊन विकली. पोरगी त्या वेळी दर दोन तासांनी दूध पीत होती आणि थाम बसल्या बसल्या झोपत होती. नाव मिएन ठेवलं. मळ्यातल्या बायका पोट बघून हसायच्या, त्याच आता मांड्या बघून हसतात, कारण वर्षभरात मिएन चांगली गुबगुबीत झाली.

मावशी नातीला खांद्यावर घेऊन मांडवांमधून फिरतात, पाण्याजवळ खाली सोडत नाहीत. होडीतून क्वेन दिसला की तिच्या कानात रोज शिकवतात, "काका म्हण. का-का."

मिएन दोन्ही हात वर करून ओरडते, "तिया." म्हणजे बाबा. मावशी ऐकू न आल्यासारखं करतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शिकवायला लागतात.